पत्र वाचल्यावरची चूळ

डोंगरातल्या हा-सेओमा गावात कुणाच्या अंगणात मापुलेंग बसलेली दिसली की समजायचं, त्या घरी खाणीवरून पत्र आलंय. एरवी तिला कुणी बस म्हणत नसे.

आता ही माणसं काही वाईट नव्हती. पेरणीला एकमेकांना बैल देणारी, कुणाच्या घरी मयत झालं तर आठ-आठ दिवस त्यांची चूल सांभाळणारी. पण मापुलेंगला घरोघरचं सगळं ठाऊक. कुणाचा नवरा तिकडं दुसरीच्या नादी लागलाय, कुणाच्या सासूनं सुनेची चहाडी लिहून घेतलीय, कुणी आईला खोटंच कळवलंय की मी चर्चला जातो. सगळं तिच्याच तोंडून बाहेर पडलेलं, आणि त्याची उत्तरं तिच्याच हातानं गेलेली. अशा बाईशेजारी बसून पालेभाजी खुडायची कशी? ती नुसती गप्प बसली तरी वाटे, ही आपलं मागच्या महिन्याचं पत्र आठवतेय. म्हणून झऱ्यावर ती आली की बायकांच्या गप्पा हवापाण्यावर येत. ती घडा भरून वाटेला लागली की पुन्हा मूळ विषयावर.

पत्रं तरी कशी? खाणीवरच्या वस्तीत एक लिहिणारा बसायचा. सगळ्या पुरुषांची पत्रं त्याच्या हातची. त्याचा एक साचा ठरलेला: मी इथं जिवंत आहे, तुम्ही तिकडं जिवंत आहात का, गुरं जिवंत आहेत का, थंडी फार आहे, देव मोठा आहे. एकदा त्यानं दोन घरांची पत्रं उलटसुलट पाकिटात घातली. मापुलेंगनं दोन्ही घरी वाचून दाखवली, दोन्ही घरांनी माना डोलावल्या. आठ दिवसांनी त्यांतली एक बाई विचारत आली, "मापुलेंगबाई, आमच्या ह्यांनी घोड्याची खुशाली विचारलीय ना? आमच्याकडं घोडा कधी होता?" मग कुठं पत्रं बदलली. दुसऱ्या बाईला तर काहीच खटकलं नव्हतं. ती म्हणाली, "आमचा माणूस याहून शहाण्यासारखं कधी बोललाच नाही."

तर अशी ती पत्रं. पण कधीमधी साच्यातून काहीतरी निसटायचंच, आणि ते निसटलेलं मापुलेंगच्या तोंडी यायचं.

चुळीची रीत म्हातारी मालेफूनं पाडली. तिच्या थोरल्याचा पाय खाणीत गेला, ते पत्र मापुलेंगनं वाचलं. म्हातारी रडली नाही. उठली, भोपळ्याच्या कटोऱ्यात पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "पोरी, चूळ भर. माझ्या घरातलं आहे ते माझ्या अंगणात टाकून जा. तोंडात घेऊन हिंडू नकोस." मापुलेंगनं चूळ भरली, राखेच्या ढिगावर टाकली. म्हातारीनं त्यावर पायानं माती लोटली. हे शेजारणींनी पाहिलं, आणि पुढच्या पत्राला दुसऱ्या घरात कटोरा तयार. वर्षभरात रीतच झाली. पत्र वाचून झालं की पाणी यायचं, प्यायला नव्हे, थुंकायला. कुणी हसत द्यायचं, कुणी नजर चुकवून. एकीनं तर तीन वेळा चूळ भरायला लावली. म्हणाली, "आमच्याकडचं जरा चिकट आहे."

मापुलेंग मुकाट्यानं चूळ भरायची आणि घरी जायची. वीस वर्षांत तिनं चारएकशे पत्रं वाचली असतील, पण त्यांतलं एकही तिच्यासाठी नव्हतं.

तिचा नवराही खाणीतच होता. मोखेथी त्याचं नाव. त्याची पत्रं यायची, नाही असं नाही. पण ती यायची त्याच्या बापाच्या नावानं, कारण घर बापाचं. ते नाव मात्र मी सांगत नाही. तिनं ते आयुष्यात कधी उच्चारलं नाही, तेव्हा तिच्या गोष्टीत तरी कशाला? सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यापुढं तोंड करून बसायचं नाही. म्हणून पत्र वाचायची वेळ आली की ती दाराबाहेर पाठ फिरवून बसायची, सासू उंबऱ्यात, आणि सासरा आत चुलीपाशी. लिहिणाऱ्याला कोण आदर. दर दोन ओळींनी तो बापाचं नाव घालायचा, आणि दर वेळी मापुलेंग तिथं 'या घराचे जे आहेत ते' असं वाचायची. पत्र एवढंसं असायचं, पण वाचायला तासभर. आतून सासरा विचारायचा, "ती काय म्हणते?" मग सासू सगळं पुन्हा सांगायची. शेवटी एक ओळ असायची: 'मापुलेंगलाही नमस्कार.' हा तिच्या वाट्याचा संसार. तोही अनोळखी माणसाच्या अक्षरात, आणि स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवायचा, सासूसासऱ्यांना ऐकू जाईल असा.

ती उत्तर लिहायची, पण तिकडं ते मोखेथीला वाचून दाखवणार तोच लिहिणारा. मग त्यात ती काय लिहिणार? गुरं जिवंत आहेत.

तिचं एकच मागणं होतं, आणि ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आपल्याला एक पत्र यावं. फक्त आपल्याला. मोठ्यानं वाचावं लागू नये असं.

मापुलेंग हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला हवं. लग्न होऊन आली त्या दिवशी सासरच्यांनी मेंढा कापला आणि हे नाव दिलं. मापुलेंग, म्हणजे पुलेंगची आई. पुलेंग म्हणजे पावसात जन्मलेली मुलगी, ती पुढं व्हायची होती. पाऊस दर वर्षी आला. पुलेंग आली नाही. नाव मात्र राहिलं, आणि दिवसातून पन्नास वेळा लोक तिला त्या न आलेल्या पोरीच्या नावानं हाक मारत राहिले. आधीचं नाव दोन डोंगर पलीकडं माहेरी राहिलं. दिनेओ.

माहेरचं गाव मिशनच्या शाळेजवळ. इकडच्या डोंगरांत मुलगे गुरांमागं जातात आणि मुली शाळेत, तशी ही गेली. शाळेची भिंत कमरेएवढी, दगडाची. हिवाळ्यात गुराखी पोरं त्या भिंतीला पाठ लावून उन्हाला बसत आणि आतल्या मुलींना वेडावून दाखवत. त्यांत मोखेथी. वरच्या डोंगरातून बापाची गुरं घेऊन खाली चरायला आलेला, अंगावर फाटकं घोंगडं, हातात काठी आणि कोण ऐट.

एक दिवस दिनेओ कडेच्या बाकावर बसून पाटीवर लिहीत होती. पाहते तर मोखेथीची तांबडी गाय शांतपणे मिशनच्या मक्यात शिरतेय, आणि हा महाराजा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलाय. वर्गात बोलायची सोय नव्हती. बाई कानाची पाळी पिळायच्या ती संध्याकाळपर्यंत दुखायची. दिनेओनं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तुझी तांबडी गाय मक्यात शिरलीय,' एक खडा मारून त्याला जागं केलं आणि पाटी भिंतीवर उभी धरली.

मोखेथीनं पाटीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डावीकडून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. मग गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाला, "छान आहे." आणि पुन्हा भिंतीला टेकला.

गायीनं दोन ओळी मका फस्त केला. माळ्यानं मोखेथीला असं बडवलं की चार दिवस तो पालथा झोपला. दिनेओला वाटलं, पोरगा मोठा बेडर दिसतो. गाय मक्यात शिरलेली कळूनही हलला नाही. त्याला वाचता येत नाही हे तिच्या डोक्यात यायला दोन वर्षं गेली. यायलाही कारण घडलं ते असं, की घरात मिशनचा कागद आला आणि तिच्या थोरल्या भावानं तो उलटा धरून "छान आहे" म्हटलं. तेव्हा ती शरमेनं लाल झाली. मोखेथी एव्हाना गुरं घेऊन परत वर गेला होता.

पुढं सहा वर्षांनी त्याच्या बापानं तिच्या बापाकडं सुनेच्या बदल्यात द्यायची गुरं हाकत आणली, आणि त्यांत त्या तांबड्या गायीची वासरी होती. लग्न झालं. पाटीचा विषय तिनं कधी काढला नाही. नवऱ्याला मान खाली घालायला लावायची तिची इच्छा नव्हती. त्यानंही काढला नाही. का काढला नाही, ते तिला वीस वर्षांनी कळलं.

नदीच्या उताराशी एक दुकान होतं. दर शनिवारी घोड्यावरून टपालाची पिशवी तिथं येई. दुकानदाराचे डोळे अधू झाल्यापासून मापुलेंगच ओट्यावर उभी राहून पाकिटावरची नावं पुकारायची. सासऱ्याचं पाकीट निघालं की ती नुसतं हवेत हलवायची, आणि खालून लोक हसत, "घ्या घ्या, तुमचंच." ज्याचा पत्ता लागत नाही त्या पाकिटावर ती लिहायची, 'अशी व्यक्ती इथे राहत नाही,' आणि ते परतीच्या पिशवीत जाई.

हे काम तिनं धाकट्या जावेलाही शिकवलं होतं. जाऊ म्हणजे माथुसो, धाकट्या दिराची बायको. हसरी, तोंडाळ, तीन पोरांची आई. दोन हिवाळे मापुलेंगनं तिला अक्षरं गिरवायला लावली. माथुसो लिहायला शिकली ती थेट मापुलेंगच्या वळणानं, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब खाली ओढण्यासकट. शिकवतानाचे ते दोन हिवाळेच काय ते मापुलेंगला जरा सोबतीसारखे गेले. अक्षरं आल्यावर माथुसो पुन्हा आपल्या पोरांत आणि झऱ्यावरच्या बायकांत रमली. त्यात तिचं काही चुकलं नाही.

त्या वर्षी पीचची झाडं फुलली तेव्हा मापुलेंगची आई वारली. मापुलेंग दोन डोंगर ओलांडून माहेरी गेली आणि तीन आठवडे राहिली. तिथं म्हाताऱ्या आत्या तिला कवेत घेऊन रडल्या, "दिनेओ, आता तुला या नावानं बोलावणारी गेली गं." त्यांचं खरंच होतं. ती तीन आठवडे त्या नावाला 'ओ' देत राहिली, आणि परतीच्या खिंडीत पोचल्यावर तिनं ते नाव तिथंच ठेवल्यासारखं केलं. खाली उतरली ती मापुलेंग होऊन.

तीन शनिवार माथुसोनं पत्रं पुकारली होती. "काही विशेष?" मापुलेंगनं विचारलं.

"काही नाही जाऊबाई. सगळे जिवंत आहेत."

नाताळात खाणीवरचे पुरुष घरी आले. मोखेथी आला, पत्र्याची ट्रंक, सासूला घोंगडं, सासऱ्याला तंबाखू. पण आला तो आंबलेला. बोलायचं तेवढंच बोलायचा. मापुलेंगनं पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, वाढला तर ताटाकडं बघून जेवायचा, तिच्याकडं बघायचा नाही. तिला वाटलं, तिकडं दुसरी कुणी असेल. तिनं इतक्या घरांत तसं वाचलं होतं की नवल वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुखलं मात्र तेवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगण झाडत होती. मोखेथी गोठ्याच्या दगडी भिंतीला पाठ लावून उन्हात बसला होता. समोर मक्याच्या पिठाचं पोतं, त्यावर कंपनीनं छापलेली चार ओळींची अक्षरं. मापुलेंगचा झाडू थांबला. मोखेथीचे डोळे अक्षरांवरून सरकत होते. ओळ संपली की झटकन मागं येत होते, आणि एक पायरी खाली उतरत होते.

वीस वर्षं तिनं लोकांना आपल्या हातातल्या कागदाकडं बघताना पाहिलं होतं. ज्याला वाचता येत नाही त्याची नजर कागदावर कुठंही बसते, माशीसारखी. ती ओळीच्या टोकाला जाऊन परत येत नाही.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"काय कधीपासून?"

"वाचता येतंय तुम्हाला."

मोखेथी पोत्याकडंच बघत राहिला. "कामाची पाळी संपल्यावर तिकडं शाळा भरते. मोठ्यांची. दोन वर्षं झाली."

"कळवलं नाहीत."

"कुणाकडून कळवू? त्या लिहिणाऱ्याकडून? त्यानं लिहिलं असतं, 'देव मोठा आहे, माझं एक गिऱ्हाईक गेलं.'"

ती हसली नाही. तिनं झाडू भिंतीला टेकवला. "मग स्वतः लिहायचं."

आता मोखेथीनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "लिहिलं होतं."

"कधी?"

"परत आलं. वर लिहिलेलं होतं, अशी व्यक्ती इथे राहत नाही. तेवढं मी बरोबर वाचलं. तीनदा वाचलं. शेपटी ओळखली मी तुझ्या अक्षराची. म्हटलं, बाईंना आपलं अक्षर पसंत पडलेलं दिसत नाही."

मापुलेंग तिथंच खाली बसली. "कुठल्या नावानं पाठवलं होतं?"

"दिनेओच्या."

अंगणात कोंबडी होती, ती तिच्या पायाशी दाणे शोधत राहिली. तिनं विचारलं, "मापुलेंग नाव घातलं असतं तर?"

"मापुलेंगला काय लिहायचं? मापुलेंग सगळ्या गावाची. ती पत्र घेणार आणि आमच्या म्हाताऱ्याला वाचून दाखवणार. मला त्या पाटीवालीला लिहायचं होतं."

"मी नव्हते इथं," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा माहेरी होते. ते माथुसोनं लिहिलंय. तिचं अक्षर माझ्यासारखं आहे. मीच शिकवलंय."

मोखेथीनं काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली, मग पुसली. "असं होय," म्हणाला. आणि खांदे असे खाली आले की जणू पिठाचं पोतं त्याच्या पाठीवरच होतं इतके दिवस.

"काय होतं त्यात?"

"आता काय सांगू. तोंडानं सांगता आलं असतं तर लिहायला कशाला शिकलो असतो?"

"फाडलंत?"

"ट्रंकेत आहे. दुसऱ्या. तिकडच्या."

त्यानंतरही तो फार बोलला असं नाही. पण ताटावरून मान वर करून दोनदा तिच्याकडं पाहिलं, आणि एकदा पापा वाढताना म्हणाला, "पुरे."

माथुसोला तिनं झऱ्यावर गाठलं. बायका हवापाण्यावर आल्या. मापुलेंगनं सगळ्यांसमोरच विचारलं, "मी माहेरी होते तेव्हा दिनेओ नावाचं पत्र आलं होतं?"

"आलं होतं की," माथुसो म्हणाली. "तीन वेळा ओरडले मी. कोण भवानी कुणास ठाऊक. मग तुम्ही शिकवलंय तसं लिहिलं आणि दिलं परत पाठवून. चुकलं का काही?"

"ते माझं नाव आहे."

माथुसो हसली. मग थांबली. घडा भरून वाहायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. "पंधरा वर्षं एका अंगणात राहतोय आपण," ती म्हणाली, "आणि मला माहीत नाही."

"तू विचारलं नाहीस कधी."

"तुम्ही सांगितलंत कधी? तुम्हाला सगळ्यांचं ठाऊक असतं जाऊबाई. तुमचं कुणाला असतं?"

बायका आपापले घडे भरू लागल्या. म्हातारी मालेफू तेवढी पुटपुटली, "दिनेओ. बरं नाव आहे की," आणि काठी टेकत निघून गेली.

मोखेथी जानेवारीत परत गेला. त्यानंतर मापुलेंगनं ओट्यावर उभं राहणं सोडलं. माथुसोला म्हणाली, "आता तूच पुकार." कारण विचारलं तर म्हणाली, घसा बसतो. खरं असं होतं की स्वतःचं नाव स्वतः पुकारायचं कसं? तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. दर शनिवारी ती खाली उतरायची आणि बायकांच्या मागं, जरा बाजूला, भिंतीशी उभी राहायची. फेब्रुवारीत सासऱ्याच्या नावानं पत्र आलं, लिहिणाऱ्याच्या अक्षरात. मी जिवंत आहे. मार्चमध्ये तसंच. बापाला पत्र नेहमीच्या हातचं जाईल, हे तिला समजत होतं. पण समजून काय होतं? ज्वारी कापली, झोडपली, कणग्यांत गेली. जूनमध्ये, इकडच्या ऐन हिवाळ्यात, बर्फ पडलं आणि खिंड बंद झाली. तीन शनिवार पिशवीच आली नाही.

चौथ्या शनिवारी घोडा आला तो पोटापर्यंत चिखलात माखलेला, आणि पिशवी दुप्पट फुगलेली. ओट्याखाली सगळं गाव घोंगडी पांघरून उभं. माथुसो एकेक पाकीट काढत होती, प्रत्येक नावाला एक टोमणा लावत होती. "तुमचा जिवंत आहे. तुमचाही. हा बघा, ह्याला तर दोन पाकिटं भरून जिवंत राहायचंय." मग एक जाड पाकीट हातात धरून ती थांबली. घसा साफ केला.

"दिनेओ."

बायकांनी इकडंतिकडं पाहिलं. मापुलेंगनंही पाहिलं. खरंच पाहिलं, कुणी पुढं येतंय का म्हणून. सहा महिने ज्या हाकेसाठी ती उभी होती, ती आली तर पाय हलेनात.

"दिनेओबाई बहिऱ्या आहेत का?" माथुसो म्हणाली. आवाज टोमण्याचाच होता, पण डोळे भरलेले. "का पुन्हा लिहू, इथं राहत नाही म्हणून?"

तेव्हा ती गेली आणि तिनं पाकीट घेतलं.

गावात बातमी माणसाआधी घरी पोचते. ती अंगणात आली तर सासू उंबऱ्यात बसलेली. "पत्र आलंय म्हणे. हे विचारतायत, वाचणार कधी?"

मापुलेंग नेहमीच्या जागी पाठ करून बसली. "ते घराचं नाही," ती म्हणाली. "माझ्या नावचं आहे."

आत चुलीपासून सासऱ्याचा आवाज, "कुणाच्या नावचं?"

"दिनेओच्या, म्हणे," सासू म्हणाली.

"ही कोण?"

"आपली मापुलेंग. आधीची."

म्हाताऱ्यानं पाइपमधली राख चुलीत झटकली. मग म्हणाला, "मग त्या बाईचं पत्र त्या बाईला वाचू दे. दुसऱ्यांची पत्रं ऐकायची आपल्याला काय गरज? तिला सांग, बाहेर थंडी आहे, घोंगडं घेऊन जा."

गावाच्या वर एक काळा खडक आहे, गुराखी तिथून गुरांवर नजर ठेवतात. बर्फामुळं तिथं कुणी नव्हतं. मापुलेंग खडकावर बसली आणि पाकीट उघडलं. आत दुसरं पाकीट होतं. जुनं, कोपरे झिजलेलं. त्यावर माथुसोच्या लांब शेपटीच्या अक्षरात, अशी व्यक्ती इथे राहत नाही. त्याखाली मोठ्या, वाकड्या, प्रत्येक वेगळं उभं राहिलेल्या अक्षरांत एकच शब्द: राहते.

तिनं ते उघडलं आणि मनातल्या मनात वाचायला लागली. जमेना. वीस वर्षं तिनं मोठ्यानंच वाचलं होतं. अक्षर दिसलं की आपोआप आवाज सुटायचा. मोठ्यानं वाचावं लागू नये असं पत्र तिनं मागितलं होतं, आणि ते आलं तर तिला गप्प राहून वाचता येईना. शेवटी तिनं आजूबाजूला पाहिलं. बर्फ, दगड, खाली नदी. तिनं मोठ्यानं वाचलं.

"दिनेओ. हे मी लिहितो आहे. जवळ कुणी नाही. शाळेच्या भिंतीवर तू मला पाटी दाखवली होतीस. मी छान आहे म्हणालो. ते खोटं होतं, मला वाचता येत नव्हतं. त्या दिवशी मला मार पडला पण मी रडलो नाही, कारण एका मुलीनं माझ्यासाठी काहीतरी लिहिलं होतं. खाणीत खाली उतरताना मी पुष्कळदा विचार करतो की त्यावर काय असेल. विचारायचं धाडस झालं नाही. आता मला वाचता येतं. ते पुन्हा लिहून पाठव. मोखेथी."

तिनं दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना 'मार पडला' तिथं तिला हसू आलं. ते हसू थांबेना, आणि मग ते नुसतं हसू राहिलं नाही. घोंगड्याच्या टोकानं तोंड पुसत ती एकटीच त्या खडकावर बसून राहिली. इतकी वर्षं खाली जमिनीच्या पोटात तो माणूस पाटीवरच्या गोड शब्दांची वाट बघत होता, आणि वर ही कागदावरच्या. मधे एक गाय.

आता लिहायचं काय? दुसऱ्यांची शेकडो उत्तरं लिहिली होती तिनं. रुसलेल्या नवऱ्याला काय लिहावं, हरवलेल्या लेकाला काय लिहावं, सगळं येत होतं. गोड काहीतरी रचून पाटीच्या नावावर खपवणं तिला जड नव्हतं. त्याला कधी कळलंही नसतं.

खाली उतरेपर्यंत तिचं ठरलं. दुसऱ्या दिवशी तिनं कागदावर मोठ्या अक्षरांत, नवशिक्याला वाचता येतील अशा, एकच ओळ लिहिली: तुझी तांबडी गाय मक्यात शिरलीय. खाली लिहिलं: लवकर ये. आणि सही केली, दिनेओ.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी ती खडकावरून उतरली तेव्हा ऊन डोंगराआड चाललं होतं. झऱ्यावर माथुसो आणि चारपाच बायका होत्या. त्यांनी तिला वरून येताना पाहिलं. कुणी हवापाण्यावर आलं नाही, नुसत्या थांबल्या. माथुसोनं सवयीनं कटोरा भरला आणि पुढं केला.

"वाचून आलात ना जाऊबाई? घ्या."

मापुलेंगनं कटोरा घेतला. पाण्यात बर्फाचे कण होते. बायका बघत होत्या, ती चूळ कुठं टाकते म्हणून.

तिनं डोळे मिटले आणि ते पाणी पिऊन टाकलं.